मुसीकाठचं स्कॉटलंड

हैदराबादेला जाऊन आलो म्हटलं की पुण्यातली मंडळी आधी चारमिनाराचं विचारतात, मग बिर्याणीचं, आणि ती खाल्लीस का म्हणून डोळे वटारतात. त्यांना मी खरं ते सांगतो. चारमिनार टांग्यातून लांबून पाहिला, बिर्याणी चुकवली, आणि आठवडाभर राहून जे पाहून आलो ते स्कॉटलंड. मंडळी हसतात. हसोत बापडी. जाण्यापूर्वी मीही हसलोच असतो.

मुळात मी फिरायला गेलो नव्हतो. पोलीस ॲक्शनला वर्ष उलटून गेलं होतं. दिवाळी नुकतीच सरली होती आणि माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, निरोप आला. अक्का लग्न होऊन हैदराबादेला गेली त्याला तीसेक वर्षं झाली. तिचे यजमान, आमचे दाजी, निजाम सरकारच्या मोजणीखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. निरोप असा, की माधवला म्हणावं, लवकर ये आणि येताना तुझ्या त्या काठ्या घेऊन ये. काठ्या म्हणजे माझ्या गोल्फच्या काठ्या. खडकीच्या कारखान्यात साहेबांच्या हाताखाली राहून मला हा नाद लागला होता, आणि दाजींना तर तो माझ्या आधीपासून. अक्का आम्हा दोघांना त्यावरून आयुष्यभर टोमणे मारत आली. तिनं आपण होऊन काठ्या मागवल्या म्हणजे प्रकरण साधं नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

नामपल्ली

नामपल्ली स्टेशनात गाडी सकाळी लागली. फलाटावरच्या पाट्या नव्यानं रंगवायला घेतलेल्या होत्या, पण काम अर्ध्यावर राहिलेलं. पांढऱ्या रंगाखालून जुनी उर्दू अक्षरं वर येऊ पाहत होती आणि नवी नागरी अक्षरं त्यांच्यावरच काढलेली. दोन्ही मिळून काहीच वाचता येत नव्हतं. पुण्याचा माणूस पाटीवाचून अस्वस्थ होतो, तसा मी झालो.

दारात पोलिसानं अडवलं. लांबट कातडी पिशवी पाहून त्याला बंदुकांचा संशय आला असावा, आणि तेव्हाचे दिवस पाहता त्याचं चुकलंही नाही. त्यानं एकेक काठी काढून जमिनीवर मांडली. बघ्यांचं कोंडाळं जमलं.

"ये क्या है?"

"गोल्फ. चेंडूला मारायचं. दूरच्या एका खड्ड्यात घालायचा."

"कायकू?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजवर कुणालाही देऊ शकलेलो नाही. त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि सोडून दिलं.

टांगा अक्काच्या नल्लकुंट्याकडे निघाला. रस्ते रुंद, झाडं मोठी, आणि वस्ती संपली न संपली की मधेच खडक. इथल्या खडकांविषयी सांगायला हवं. आपल्याकडे सह्याद्री थरांथरांचा, शहाण्यासारखा बसलेला. इथे एका गोल धोंड्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि सगळ्यात वरचा आत्ता पडेल असा. मी टांग्यातून मान वळवून अशाच एका धोंड्याकडे पाहत राहिलो. तो पडला नाही, पण माझी मान दुपारपर्यंत दुखत होती.

नल्लकुंटा

अक्कानं पाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच पाट मांडला. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, चिंचेचं आंबट वरण, आणि तिळाच्या रश्शातली भरली वांगी. आमच्याकडे वांग्यात गूळ पडतो. इथे चिंच पडते आणि ती थेट मस्तकात जाते. मी डोळे पुसत जेवलो.

"दाजी कुठायत?"

"स्कॉटलंडला गेलेत," अक्का म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. "अंधार पडला की येतील. तू जेव पहले, मग सांगते."

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. दाजींचे जिवलग मित्र हमीदसाहेब. मोजणीखात्यात दोघं एकाच खोलीत आयुष्यभर बसले. गोऱ्या अधिकाऱ्यांसोबत हिंडताना दोघांनाही गोल्फचं वेड लागलं, आणि मग ठरलं की निवृत्त झालो की जगातली नावाजलेली मैदानं पाहायची. भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर बोटींचे मार्ग. आधी स्कॉटलंडचं समुद्रकाठचं मैदान, तिथून आयर्लंड, मग अमेरिका, परतताना जपान. दाजी शाकाहारी, म्हणून हमीदसाहेबांनी कुठल्या देशात उकडलेले बटाटे मिळतात याची चौकशी करून ठेवलेली. एकदा पासपोर्टावरून दोघांत जुंपली. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, निजाम वेगळा राहू पाहत होता, आणि अर्ज कुठल्या देशाचे म्हणून करायचे हेच कळेना. शेवटी हमीदसाहेब म्हणाले होते, आपला देश कोणता ते एकदा ठरू दे, बोट काही पळून जात नाही.

देश ठरला. फौजा आल्या, आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. त्याच सुमारास एका संध्याकाळी हे दोघे खेळत असताना हमीदसाहेबांच्या गावाकडचा माणूस त्यांना शोधत आला. उस्मानाबादेकडे त्यांचं गाव. तिकडे म्हातारी आई एकटी होती आणि वारं मुसलमानांच्या विरुद्ध फिरलं होतं. हमीदसाहेब तसेच निघाले. पुढं त्या जिल्ह्यांत काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

"परत आलेच नाहीत?"

"महिन्यानं तोच माणूस पुन्हा आला ना. त्यानं आपल्या डोळ्यांनी पाह्यलं होतं, माधव. आई गेली, हमीदसाहेबपण गेले. ह्यांनी त्याला हाकलून दिलं. म्हणाले, तू दुसऱ्या कुणाला पाह्यलंस." अक्कानं पदरानं डोळे टिपले. "मला ह्यांची फिकर आहे, पण ह्यांच्याहून हमीदसाहेबांच्या बायकोची, भाभीची, जास्ती. उद्या तुला नेते तिच्याकडे. आणि हे बघ."

तिनं कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रावरची चिमूटभर वाळू माझ्या तळहातावर ठेवली. पांढरी, बारीक, शिंपल्यांचा चुरा असलेली. "रोज ह्यांच्या बुटांतून निघते."

"मुसीची असेल. नदीत गोगलगायी असतातच," मी म्हणालो. इंजिनियराला असं काहीतरी म्हणावंच लागतं.

दाजी अंधार पडल्यावर आले. वाळलेले, उन्हानं काळवंडलेले, पण डोळे लख्ख. मला पाहून लहान मुलासारखे आनंदले. "आलास का माधवा! बरं झालं. हमीदला सांगतच होतो मी, तू येणार म्हणून."

बरकतपुरा

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मला हमीदसाहेबांच्या घरी घेऊन गेली. बैठकीत आम्ही बसलो. आतल्या दाराला पडदा होता. भाभी पडद्यामागूनच बोलत. आवाज शांत, दमलेला. आतून चहा आला, सोबत खारी बिस्किटं. इथला चहा इतका उकळलेला असतो की आपल्या चहाला ते पाणी समजतील.

"भय्या, आप उनको समझाव," त्या म्हणाल्या. "भाईसाहब हर जुम्मे को आते. हमीद आ रहा, खेल बाकी है बोलते. मेरे भाई औरंगाबाद से दो दफा लेने को आए, खाली हाथ गए. मैं चूडियां उतारूं तो भाईसाहब के सामने झूठी पडती. नईं उतारूं तो अल्लाह के सामने. मेरेकू रोना भी नईं आता अब."

 पुण्यात असताना मला वाटलं होतं की वेड लागलेल्या म्हाताऱ्या मेहुण्याला चार समजुतीचे शब्द सांगायचे आहेत. इथे एक बाई वर्षभर ना सौभाग्यवती ना विधवा अशी पडद्यामागे बसली होती, आणि तिला तिथे अडकवून ठेवलं होतं माझ्या दाजींच्या प्रेमानं. मला दाजींचा राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला.

अंबरपेठेच्या पलीकडे

दुपारी दाजींबरोबर निघालो. अंबरपेठेची दुकानं मागे पडली, शिंदीची झाडं लागली, आणि मग मुसीच्या अंगाला तो माळ. कुण्या गोऱ्या अधिकाऱ्यानं हौसेनं आखलेलं नऊ होलांचं मैदान. साहेब गेले, देखभाल गेली. धोंडे, काटेरी झुडपं, पिवळं गवत, आणि भर दुपारची अशी शांतता की आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा.

पुण्यात आम्ही हिरवळीवर खेळतो. इथे पाण्याचं दुर्भिक्ष, म्हणून प्रत्येक होलाभोवती बारीक वाळूत तेल कालवून गोल चौथरा केलेला. त्याला ब्राऊन म्हणतात. खेळून झालं की लाकडी फळी ओढून आपली पावलं पुसायची, मागून येणाऱ्याला कोरी वाळू मिळाली पाहिजे, हा तिथला शिष्टाचार. शेवटच्या होलाचा ब्राऊन वाटेजवळच होता. दाजी सगळ्यात आधी तिकडे गेले आणि फळी ओढून तो आरशासारखा केला.

"शेवटी खेळायचाय ना," ते म्हणाले. "तयार हवा."

मग त्यांनी मला त्यांच्या खेळाची रीत सांगितली. वर्षानुवर्षं दोघांनी याच माळावर जगातली मैदानं खेळली होती. सरावासाठी. सकाळी ठरवायचं की आज आयर्लंड, मग दिवसभर आयर्लंड. जिथे तळं असेल तिथे तळं, जिथे रान असेल तिथे रान. आता गेलं वर्षभर स्कॉटलंड चालू होतं. डावीकडचा नदीपर्यंतचा सगळा उतार म्हणजे समुद्र. त्यात चेंडू गेला की गेला. समोर दिसत असला तरी उचलायचा नाही.

मी पाहिलं तर त्या उतारावर गवतात ठिकठिकाणी पांढरे चेंडू पडलेले होते. जुने, पावसानं पिवळे पडलेले, कुठल्याशा पक्ष्यानं अंडी घालून सोडून दिल्यासारखे. आसपासची पोरंही ते उचलत नव्हती, याचं मला नवल वाटलं.

खेळ सुरू झाला. दाजी चालताना बोलत होते आणि मधेमधे थांबत होते. ते थांबणं म्हाताऱ्या माणसाचं दम खाणं नव्हतं. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं, तितकंच. मग मान हलवायची, हसायचं आणि पुढचं बोलायचं. मला आधी चीड आली, मग गंमत वाटली. तिसऱ्या होलाच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की अरुंद पायवाटेवर मीही बाजूला सरून चालतोय, तिघांना जागा व्हावी म्हणून.

चौथ्या होलाला माझा चेंडू डावीकडे गेला. पंधरा पावलांवर स्वच्छ दिसत होता. मी सवयीनं उतारावर पाय टाकणार, तोच दाजींनी मागून माझं मनगट धरलं.

"माधव! समुद्र आहे!"

त्यांच्या बोटांचे वळ दोन दिवस माझ्या हातावर होते. आवाजात खरी भीती होती, बुडणाऱ्याला ओढताना असते तशी. मी चेंडू सोडला. नवा कोरा होता, जीव हळहळला.

नवव्या होलाच्या उंचवट्यावर आलो. तिथे ओल्या वाळूच्या चिमटीवर एक चेंडू ठेवलेला होता.

"हमीदचा," दाजी म्हणाले. "वाळू वाहून जाते, मी रोज नवी घालतो. चेंडू तोच."

आता इथे गोल्फचा एक नियम सांगणं भाग आहे. मागचा होल ज्यानं जिंकला, त्यानं पुढच्या होलाला पहिला फटका मारायचा. तो त्याचा मान. त्या संध्याकाळी आठ होल झाले तेव्हा दोघं बरोबरीत होते, आणि आठवा जिंकला होता हमीदसाहेबांनी. त्यांनी चेंडू मांडला, काठी उचलली, तेवढ्यात गावचा माणूस आला. "बाकी रखो, आता हूं," म्हणाले आणि गेले. मान त्यांचा होता. त्यांच्या आधी दाजींनी मारणं म्हणजे नियमाला सोडून, आणि त्याहून मोठी गोष्ट, बेअदबी. म्हणून दाजी रोज आठ होल खेळत, इथे येत आणि दिवस मावळेपर्यंत उभे राहत.

आम्ही उभे राहिलो. ऊन कललं. आणि मला वास आला. मुंबईत मी चार वर्षं काढली आहेत, ओहोटीचा वास मला झोपेतही कळेल. खारट, कुजकट, ओल्या दोऱ्यांचा. हैदराबादेहून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल लांब आहे. 

पुन्हा तिथेच

पुढचे काही दिवस मी हेच केलं. मला आता आठवतं ते असं, की रोज दुपार झाली की मी आपण होऊन बूट चढवायला लागलो होतो. अक्का माझ्याकडे ज्या नजरेनं दाजींकडे पाहायची त्याच नजरेनं पाहू लागली. जेवताना दाजींनी हमीदसाहेबांचा एक विनोद सांगितला आणि मी म्हणालो, "हो, मी होतो ना तिथे." अक्काच्या हातातून पळी पडली. त्या दिवशी शुक्रवार होता. दाजी खेळून परस्पर भाभींकडे जाणार आणि तेच ते वाक्य पुन्हा सांगणार. आज हे संपवायचं, नाहीतर आपलंही काही खरं नाही, असं मी स्वतःला बजावलं.

नवव्या होलाच्या उंचवट्यावर मी म्हणालो, "दाजी, मान हमीदसाहेबांचा. कबूल. पण जोडीनं खेळताना एकाच्या वतीनं दुसरा मारतो. आज मी त्यांचा जोडीदार, असं धरा. त्यांचा चेंडू मी मारतो."

दाजींनी बराच वेळ विचार केला. मोजणीखात्यातला माणूस, नियमात बसतंय की नाही ते पाहत होता. मग म्हणाले, "त्याला विचार."

"कुणाला?"

"त्याला. चेंडू त्याचा आहे."

मी रिकाम्या माळाकडे तोंड केलं. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली ती भीती. "हमीदसाहेब, मी मारू का?"

वारा नव्हता. दाजींनी मान किंचित कलती केली. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "'पहले आप' म्हणतोय," ते म्हणाले. "बदमाश."

मी मारला. फटका वाकडा गेला. चेंडू डावीकडे वळला, एका धोंड्यावर आपटल्याचा टणत्कार झाला, आणि तो पार खाली नदीच्या बाजूला झुडपांत दिसेनासा झाला. दाजींनी आणि मी, दोघांनीही पाहिलं.

"समुद्रात गेला," दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात मला उगीच सुटका ऐकू आली. मग वर्षानंतर प्रथमच त्यांनी आपला चेंडू वाळूवर मांडला आणि मारला. सरळ, सुरेख. पुढचे दोन फटके जरा हुकले, आणि आम्ही ब्राऊनपाशी पोहोचलो.

दुपारी दाजींनी पुसून कोरा केलेला ब्राऊन. त्यावर, होलापासून वीतभर अंतरावर, एक पांढरा चेंडू होता. मी जवळ जाऊन पाहिला. एका बाजूला धोंड्यावर आपटल्याचा ताजा ओरखडा. वाळूत पावलं उमटलेली, बुटांची, समुद्राच्या बाजूनं आत आलेली, चेंडूपर्यंत. परत गेलेली नव्हती. माळ चहूकडे उघडा होता, आणि माळावर आम्ही दोघेच.

मी बोलू लागलो. कुणी गुराखी असेल, उचलून ठेवला असेल, उडी मारून पलीकडे गेला असेल. मी बरंच काही बोललो. दाजी ऐकत नव्हते. ते त्या पावलांकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मला म्हाताऱ्या माणसाचा दिसला.

"समुद्रातून आणलाय," ते सावकाश म्हणाले. "आम्ही दोघांनी कधी समुद्रात पाय ठेवला नाही, माधवा. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. जिवंत असता तर त्यानंही ठेवला नसता."

ते वाळूत बसले.  मग उठून त्या चेंडूपाशी गेले. समोरच्याचा चेंडू होलाच्या इतका जवळ असला की त्याला मारायला न लावता तो गेला असं धरायचं, हे औदार्य गोल्फमध्ये खेळाडूच्या हाती असतं. दाजी वाकले, चेंडू उचलला आणि म्हणाले, "दिला, हमीद." त्यांचा स्वतःचा चेंडू ब्राऊनच्या कडेला पडला होता. तो त्यांनी एकदाच मारून पाहिला. होलाच्या बाजूनं निघून गेला. त्यांनी हात पुढे केला, जिंकलेल्याशी हस्तांदोलन करतात तसा, आणि काही क्षण तो तसाच धरून ठेवला. मग फळी घेतली आणि वाळूवरची सगळी पावलं पुसून टाकली. ती पुसू नयेत असं मला फार वाटलं, पण मी त्यांना थांबवलं नाही.

बरकतपुऱ्यात पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दाजी बैठकीत बसले नाहीत, उभेच राहिले. पडद्यामागे बांगड्यांची हालचाल झाली.

"भाभी," दाजी म्हणाले, "खेल हो गया."

पलीकडच्या बांगड्या थांबल्या.  मग अगदी हळू त्यांनी विचारलं, "कौन जीते?"

"हमीद जीते, भाभी."

आणि मग त्या रडल्या. दाजी जमिनीवर बसले, पडद्याला पाठ लावून. दार उघडंच होतं. शेजारच्या बाया एकेक करून येऊ लागल्या.